चित्रासमोरची फुलं: 'आर्ट इन ब्लूम'बद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बोस्टनजवळच्या एका गावात राहते, गावातल्या गार्डन क्लबची मेंबर आहे, आणि एप्रिल उजाडला की मंडळाच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात. "अगं ते म्युझियममधे फुलं लावता ते काय असतं?" इथपासून ते "मलाही करायचंय, कुठून सुरुवात करू?" इथपर्यंत. दर वेळी अंगठे दुखेपर्यंत टाइप करण्यापेक्षा एकदाच बसून सगळं लिहून टाकलंय. मी प्रोफेशनल फ्लोरिस्ट नाही, हे आधीच सांगते.

हे 'आर्ट इन ब्लूम' म्हणजे नक्की काय?

म्युझियममधलं एखादं चित्र, मूर्ती, भांडं, कापड काहीही घ्यायचं, आणि त्याला उत्तर म्हणून ताज्या फुलांची रचना करून त्याच्या शेजारी ठेवायची. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधे हे १९७६ साली सुरू झालं आणि मग अमेरिकेतल्या बऱ्याच म्युझियमनी ते उचललं. मिनियापोलिसला होतं, सेंट लुइसला होतं, रॅलेला होतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग म्युझियममधे 'बुके टू आर्ट' नावाने होतं. आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला, तीनच दिवस. न्यू इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या गावांचे गार्डन क्लब रचना करतात, काही प्रोफेशनल लोकही असतात. पाच महिने बर्फ उपसून कंटाळलेली माणसं त्या वीकेंडला अशी लोटतात की गॅलरीत दादर स्टेशनची आठवण येते.

म्हणजे चित्रात जी फुलं आहेत तीच आणून मांडायची?

नाही! हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, माझ्या पहिल्या वर्षीही झालीच होती.

काय होतं की चित्रात निळी साडी दिसली की आपण निळी फुलं आणतो, लाल टोपी दिसली की लाल जरबेरा, आणि मग सगळं एका फुलदाणीत खोचून "बघा मॅचिंग" म्हणून उभे राहतो. ते मॅचिंग होतं, पण बघणाऱ्याला त्यातून चित्रातलं नवीन काहीच दिसत नाही, कारण रंग तर त्याला आधीच दिसला होता. मी आता काय करते, तर चित्राचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून प्रिंट काढते आणि उलटा धरते. रंग गेले, चेहरे गेले, गोष्ट गेली, आता उरलं काय? कुठे वजन आहे, कुठे रिकामं आहे, नजर कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते. पेन्सिलीने त्या दोनतीन मुख्य रेषा काढायच्या, आणि आधी त्या रेषांसाठी फांद्या शोधायच्या. फुलं नंतर, आणि रंग सगळ्यात शेवटी.

आमच्या क्लबातल्या एक ऐंशीच्या घरातल्या बाई मला सारख्या सांगायच्या की चित्र झाकून तुझी रचना बघ आणि रचना झाकून चित्र बघ, दोन्ही आपापल्या पायांवर उभी राहिली पाहिजेत. मला हे फार पटलं. म्हणजे जुगलबंदीत तबलजीने सतारीचीच तान तशीच्या तशी वाजवून उपयोग नसतो ना, तसं.

एखादं खरं चित्र घेऊन समजावून सांगाल का?

सांगते, माझ्या लाडक्या चित्रावरच सांगते. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं 'द डॉटर्स ऑफ एडवर्ड डार्ली बॉइट', १८८२ सालचं. भलं मोठं, जवळजवळ चौकोनी कॅनव्हास, सव्वादोन मीटर बाय सव्वादोन मीटरच्या आसपास. पॅरिसमधल्या घरात चार बहिणी. सगळ्यात धाकटी चार वर्षांची, पुढे जमिनीवर बाहुली घेऊन बसलीय. दुसरी डावीकडे एकटी उभी. मोठ्या दोघी मागे अंधाराच्या तोंडाशी, त्यातली एक तर मोठ्या फुलदाणीला टेकून चेहरा वळवून उभी आहे, धड दिसतही नाही. उजव्या कडेला लाल पडदा. आणि मधे? मधे काहीच नाही, नुसता काळोख.

आता याला पांढरी गुलाबं (त्यांचे एप्रन पांढरे आहेत म्हणून) आणि निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या भांड्यात मांडली, तर झालं का? अजिबात नाही. एक तर चित्रात दिसणाऱ्या त्या माणसाएवढ्या उंच जपानी फुलदाण्या खऱ्याखुऱ्या त्याच गॅलरीत चित्राच्या दोन बाजूंना उभ्या आहेत, त्यांच्यापुढे तुमचं दुकानातलं भांडं म्हणजे लग्नात नवरीच्या शेजारी तसलीच साडी नेसून उभं राहणं. (त्या फुलदाण्या म्युझियमकडे आल्या तेव्हा आत एक जुना डोनट, टेनिस बॉल, बॅडमिंटनची फुलं असं काय काय सापडलं होतं. चार मुलींचं घर, दुसरं काय!)

मी केलं तर असं करीन: पसरट काळं भांडं. पांढरी फुलं चारच, पण एकसारखी नाहीत. एक पूर्ण उमललेलं, अगदी पुढे आणि खाली, भांड्याच्या काठाला टेकलेलं. एक डावीकडे सुटं, ताठ. दोन मागे, गडद चॉकलेटी कॅला लिली आणि काळपट कॉर्डिलाइनच्या पानांत अर्धी बुडालेली, त्यातलं एक पाठ फिरवलेलं. हो, फुलाची पाठ दाखवायची, त्याला काही होत नाही. उजवीकडे लाल सालीच्या डॉगवुडची एक सरळ फांदी, तो झाला पडदा. आणि मधली जागा मोकळी सोडायची. हेच सगळ्यात अवघड जातं कारण आपला हात भरायला शिवशिवतो, गणपतीच्या आराशीत भोक दिसलं की शेवंती खोच अशी आपल्याला लहानपणापासून सवय. पण या चित्रातल्या बहिणी एका खोलीत असून एकमेकींपासून लांब आहेत. ते अंतर भरून टाकलं तर चित्रच गेलं.

आणि चित्र दुःखाचं असेल तर? तिथे सुंदर फुलं बरी दिसतात का?

चांगला प्रश्न आहे आणि याचं सोपं उत्तर नाहीये. याच म्युझियममधे टर्नर या इंग्रज चित्रकाराचं १८४० सालचं 'स्लेव्ह शिप' आहे. लांबून बघितलं तर काय तो सूर्यास्त, केशरी, पिवळा, लाल, आणि तुम्ही मनात लगेच फुलांची यादी करायला लागता. मग जवळ जाता आणि पाण्यात बेड्या घातलेले हातपाय दिसतात. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांना जहाजावरून समुद्रात फेकलं होतं, त्याचं ते चित्र आहे. तिथे केशरी गुलाबांचा बुके ठेवला तर मला वाटतं की तो अपमान होईल. कोणी केलंच तर वाळलेली, वाकलेली, तुटलेली सामग्री, आणि रंग फक्त वरच्या भागात, खाली काहीच धड नाही, असं काहीतरी. आधी लेबल वाचा, कॅटलॉग वाचा. रंग बघून फुलं ठरवली आणि विषय नंतर कळला असं होऊ देऊ नका.

कलाकृती आपल्याला निवडता येते का?

जागोजागी पद्धत वेगळी आहे. कुठे निवडता येते, कुठे चिठ्ठी निघते, कुठे म्युझियमच ठरवून कळवतं. नावडती वस्तू मिळाली तर नाक मुरडू नका. मला एका वर्षी अठराव्या शतकातली चांदीची चहाची किटली मिळाली होती आणि मी दोन दिवस तोंड पाडून होते, पण मग जाऊन समोर तासभर बसले तेव्हा कळलं की तिच्या अंगावर अख्ख्या खोलीचं प्रतिबिंब वाकडंतिकडं पडतंय. त्यावरून सुचलं. प्रत्यक्ष जाऊन बघणं याला पर्याय नाही, फोटोत साइज कळत नाही आणि उजेडही कळत नाही.

उजेडाचं काय एवढं?

फार मोठं आहे! ऑइल पेंटिंगवर साधारण २०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास प्रकाश ठेवतात, पण कागद आणि कापड यांच्यासाठी ५० लक्स, म्हणजे आपल्या देवघरातल्या समईपेक्षा थोडं बरं म्हणा. प्रकाशाने रंग उडतात आणि ते परत येत नाहीत म्हणून. आता त्या ५० लक्सच्या खोलीत तुम्ही निळी-जांभळी फुलं ठेवली तर ती चक्क गायब होतात, काळा ढिगारा दिसतो. जपानी प्रिंट, जुनी शाल, मिनिएचर असलं काही मिळालं तर पांढरा, क्रीम, फिकट पिवळा, पोपटी हेच रंग तारतात. घरी रात्री एकच दिवा लावून रचना बघायची, तेव्हाच समजतं.

म्युझियमवाले फुलांना एवढे का घाबरतात? नियमांची यादी बघूनच घाम फुटला.

मलाही आधी वाटायचं किती नखरे. मग एकदा एका कॉन्झर्व्हेटर बाईंनी, म्हणजे म्युझियममधल्या वस्तूंची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी, समजावलं आणि डोक्यात प्रकाश पडला.

मुख्य भीती किड्यांची. कार्पेट बीटल नावाचा एक बारका ठिपकेदार किडा असतो, मोहरीपेक्षा थोडा मोठा. मोठा झाल्यावर तो परागकण खातो, म्हणजे फुलांवरच बसलेला असतो. तो फुलांबरोबर आत आला, कुठेतरी अंडी घातली, की त्याच्या अळ्या लोकर, रेशीम, पिसं, कातडं सगळं फस्त करतात. तुमच्या आमच्या घरात स्वेटरला भोक पडलं तर आपण हळहळतो, इथे तीनशे वर्षांचं रेशीम असतं. म्हणून मातीची कुंडी नाही, शेवाळ बहुतेक ठिकाणी नाही, बागेतून थेट तोडून आणलेलं काही असेल तर देठन् देठ तपासून, झटकून. वाळलेल्या काड्या, शेंगा वापरायच्या असतील तर आधी डीप फ्रीझरमधे ठेवायला सांगतात, उणे वीस डिग्रीला आठवडाभर, म्हणजे आत जे काही असेल ते मरतं. फळं, भाज्या बऱ्याच ठिकाणी बंद.

दुसरी भीती परागकणांची. ओरिएंटल लिलीची ती तपकिरी केसरं आठवा, पांढऱ्या कुडत्याला लागली की संपला कुडता. म्हणून लिली उमलायला लागली की लगेच चिमटीने केसरं काढून टाकायची, आणि ती पिकायच्या आधी काढायची, नंतर काढायला गेलं तर आणखी उधळतं.

तिसरी भीती पाण्याची. आत स्प्रे मारायचा नाही म्हणजे नाही. पाणी लांब चोचीच्या झारीने, भांड्यात. भांडं आदल्या रात्री घरी पूर्ण भरून खाली वर्तमानपत्र घालून ठेवायचं, सकाळी कागद ओला असेल तर ते भांडं बाद. मातीची न भाजलेली किंवा बारीक तडा गेलेली भांडी गुपचूप पाझरतात, कळतही नाही.

आणि एक म्हणजे अंतर. रचना चित्रापासून लांब, आपल्या चौथऱ्यावर. एखादी फांदी तिरकी होऊन फ्रेमच्या दिशेने सरकली तर तिथले लोक तुम्हाला नम्रपणे कापायला लावतील, आणि त्यांचं बरोबर असतं.

भारतीय मूर्ती मिळाली तर हार घालता येईल का?

हा प्रश्न माझ्या सासूबाईंचा. नाही, अर्थातच नाही, मूर्तीला हात लावायचा नसतो. पण प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. कारण आपण मूर्तीसमोर फूल ठेवतो ते वाहायला, आणि इथे ठेवायचंय ते तिच्याशी बोलायला. दोन्हीत फूल तेच, हात जोडणं वेगळं.

या म्युझियममधला भारतीय संग्रह फार तालेवार आहे. भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी १९१७ पासून इथे होते, राजपूत चित्रं वगैरे त्यांच्यामुळे आली. सांचीच्या यक्षीचं दगडी धड आहे, डोकं नाही, हातपाय नाहीत, आणि तरीही कमरेत असा काही डौल की बघतच राहावं. तिला झेंडूची माळ सुचणं स्वाभाविक आहे पण मी म्हणेन की तो बाक पकडा. फ्लॉवर अरेंजमेंटवाल्या लोकांकडे एस आकाराच्या रेषेला 'होगार्थ कर्व्ह' म्हणतात, अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराच्या नावावरून. आपल्याकडच्या शिल्पकारांनी तोच बाक, म्हणजे आपला त्रिभंग, त्याच्या सतराअठराशे वर्षं आधी दगडात काढून ठेवला होता, पण असो. एकच वळलेली फांदी, आणि जिथे कमर तिथे फुलांचा भार. डोक्याच्या जागी काही लावू नका. नाहीये ते नाहीये.

फुलं कुठून आणता आणि किती दिवस आधी?

होलसेल बाजार पहाटे असतो. बोस्टनचा जुना फुलबाजार २०१७ मधे बंद झाला आणि आता शेजारच्या चेल्सी गावात आहे, तिथे क्लबच्या ओळखीने जाता येतं. बाकी ट्रेडर जोज या किराणा दुकानात बरीच बरी फुलं मिळतात, त्यात लाज कसली. फांद्या मात्र स्वतःच्या किंवा शेजारणीच्या अंगणातल्या. फोर्सिथिया, क्विन्स यांच्या फांद्या थंडी संपत आली की कापून घरात कोमट पाण्यात ठेवल्या की दोनतीन आठवड्यांत घरातच फुलतात, बाहेर बर्फ असताना. ते बघायला तरी एकदा करा.

रचना शुक्रवारी लावायची असेल तर फुलं मंगळवार-बुधवारी आणायची. आणली की लगेच मांडायची नाहीत! आधी त्यांना पोटभर पाणी पाजायचं. देठ दोनतीन सेंटिमीटर तिरका कापायचा, पाण्यात बुडतील ती पाने काढायची, स्वच्छ बादली (स्वच्छ म्हणजे तुम्ही त्यातून पाणी प्याल इतकी), कोमट पाणी, आणि रात्रभर थंड अंधाऱ्या जागी. मग प्रत्येकाचे लाड वेगळे. डॅफोडिलचा चिकट रस बाकीच्या फुलांना बाधतो म्हणून त्यांची बादली वेगळी, आणि एकदा वेगळं ठेवून झाल्यावर परत देठ कापायचा नाही. हायड्रेंजिया मान टाकायला लागली तर अख्खी डोक्यासकट पाण्यात बुडवून ठेवा, ती पाकळ्यांतूनही पाणी पिते. पिओनी कळी दाबली की मार्शमेलोसारखी लागली पाहिजे, तेव्हा आणायची. अँथुरियम, ऑर्किड फ्रिजमधे ठेवायची नाहीत, ती गरम देशातली, काळी पडतात. ट्यूलिप कापल्यावरही वाढत राहतात आणि उजेडाकडे वळतात, म्हणजे शुक्रवारी तुम्ही लावलेली रचना रविवारी दुसरीच असते, हे आधीच धरून चालायचं.

ते हापूस प्रकरण काय आहे? सगळे हसतात पण कोणी सांगत नाही.

बरं. सांगते.

त्या वर्षी मला निळ्या रंगाची उंच रेघ हवी होती म्हणून डेल्फिनियम आणली होती, चांगली महागाची, वीसेक दांडे. गॅरेज थंड असतं म्हणून बादल्या गॅरेजमधे. त्याच संध्याकाळी आमच्याकडे हापूसच्या दोन पेट्या आल्या. अमेरिकेत २००७ पासून आपला आंबा यायला परवानगी आहे, आणि तो येतो नेमका एप्रिल-मेमधे, नेमका याच आठवड्यात. नवऱ्याने प्रेमाने पेट्या गॅरेजमधे ठेवल्या, वर जुनी चादर टाकली, अगदी अढी घातल्यासारखी, आणि दार लावून घेतलं.

पिकणारं फळ एथिलीन नावाचा वायू सोडतं. अढीत एका आंब्यामुळे शेजारचा पिकतो तो त्यामुळेच. आणि डेल्फिनियमला त्या वायूचं भयंकर वावडं, त्याला वाटतं आपलंही आयुष्य संपलं. सकाळी दार उघडलं तर गॅरेजभर आंब्याचा घमघमाट, आणि जमिनीवर निळा सडा. दांड्यांवर चारदोन फुलं लटकलेली. मी रडले, खरंच रडले. मग डोळे पुसून तीन दुकानं फिरून आयरिस गोळा केले आणि वेळ भागवली. आंबे उत्तम होते, ते खाताना नवऱ्याने एक शब्द काढला नाही.

तर कार्नेशन, स्वीट पी, स्नॅपड्रॅगन, डेल्फिनियम यांच्या आसपास केळी, सफरचंद, आंबे नको, गाडीत डब्यातसुद्धा नको. शेवंतीला मात्र ढिम्म फरक पडत नाही. म्हणूनच ती आपल्या देवळात फळांच्या परडीशेजारी टिकते.

ओअॅसिस वापरता का? हल्ली लोक नावं ठेवतात.

ओअॅसिस म्हणजे देठ खोचायचा तो हिरवा स्पंज, १९५४ साली ओहायोतल्या व्हर्नन स्मिदर्स यांनी काढलेला. सोय प्रचंड आहे, कुठल्याही कोनात देठ उभा राहतो. पण ते प्लास्टिकच आहे, चुरा होऊन नाल्यात जातं, विरघळत नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या शोमधे तो बंदच केला. मी तीनचार वर्षांपूर्वी सोडला. केंझान, म्हणजे ती काट्यांची जड चकती, आणि कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा गोळा, या दोघांवर बहुतेक कामं होतात. उंचावर पाणी न्यायचं असेल तर देठाला छोट्या नळ्या, वर टोपण असलेल्या, पण त्या रोज भराव्या लागतात कारण त्यात घोटभरच पाणी मावतं.

वापरायचाच असेल तर एक सांगते, तो पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यायचा. दाबून बुडवला की आत हवा अडकते, तिथे खोचलेलं फूल बाहेरून ओलं आणि आतून तहानलेलं.

झेंडू, निशिगंध, मोगरा चालेल का?

एप्रिलमधे बोस्टनला चांगला झेंडू मिळवून दाखवा, मी तुमच्या पाया पडते. केशरी कार्नेशन दाट बांधली तर लांबून झेंडूचा भास होतो. निशिगंध मिळतो, दिसतो सुंदर, पण बंद गॅलरीत वास फार होतो, काही लोकांचं डोकं चढतं, म्हणून एखादा दांडा पुरे. गजरा करायचा हात असेल तर तो वापरा, हे मात्र आवर्जून सांगते. इथे लोक तारेने आणि गोंदाने जे करतात ते आपण दोऱ्याच्या दोन गाठींत करतो. एकदा मी पांढऱ्या डेंड्रोबियम ऑर्किडची वेणी बांधून सोडली होती तर आमच्या क्लबातल्या बायका रचना सोडून गाठ कशी मारली तेच बघत बसल्या.

अॅबस्ट्रॅक्ट चित्र मिळालं तर काय डोंबल करणार?

उलट सोपं. गोष्ट नाही, चेहरा नाही, म्हणजे नक्कल करायचा मोह नाही. आपल्या गायतोंडेंचं एखादं चित्र आठवा, नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने २०१४ मधे त्यांचं मोठं प्रदर्शन केलं होतं. एकाच रंगाच्या थरावर थर, आणि त्यात काहीतरी तरंगतंय, बुडतंय. याला मी एकाच रंगाच्या पाच वेगवेगळ्या पोताची सामग्री घेईन. गुळगुळीत, केसाळ, कागदी, चमकदार, मेणचट. रंग एक, पोत पाच. बस.

रचना केवढी असावी? पडली तर?

ढोबळ नियम असा की भांड्याच्या दीडपट उंची, पण चौथरा कंबरेएवढा असतो आणि मागे दोन मीटरचं चित्र, तेव्हा नियम धाब्यावर बसवावा लागतो. वजन खाली ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेच तुमचं सगळ्यात स्वस्त वजन. घरी मांडून झालं की टेबलाला मांडीने हलका धक्का द्या, डुललं तर गर्दीत पडणार. आणि गाडीतून नेताना पूर्ण मांडून नेऊ नका, सांगाडा घरी, फुलं तिथे. घरी मात्र एकदा पूर्ण मांडून, फोटो काढून, घड्याळ लावून बघा.

खर्च?

क्लब थोडा देतो, बाकी आपले. माझे फुलांचे दीडशे ते तीनशे डॉलर जातात. फांद्या जितक्या जास्त तितका खर्च कमी, आणि खरं सांगू का, रचनाही तितकी बरी.

इकेबाना शिकावं लागतं का?

नाही, पण ही जपानी पुष्परचना शिकलात तर रिकामी जागा सहन करायला शिकाल. त्यातलं सोगेत्सु घराणं, १९२७ चं, ते मोकळं आहे, त्यात वस्तू, तार, लाकूड सगळं चालतं. मी सहा महिने क्लासला गेले आणि पहिले दोन महिने बाई माझ्या रचनेतून फक्त फुलं काढून घेत होत्या.

आम्ही पुण्या-मुंबईत आहोत, आम्हाला कसं करता येईल?

पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत सव्वीस जानेवारीच्या आसपास पुष्पप्रदर्शन असतं, पुष्परचनेच्या स्पर्धाही असतात. मुंबईत राणीच्या बागेत फेब्रुवारीत महापालिकेचं असतं. तिथे जाऊन आधी नुसतं बघा.

सरावासाठी घरातल्या भिंतीवरचं चित्र घ्या की. रविवर्म्याच्या प्रेसमधली लक्ष्मी आपल्याकडे घरोघरी होती, मळवलीला छापखाना होता त्यांचा. पण सावध, लक्ष्मी कमळातच उभी आहे, तिला कमळ ठेवलंत तर ती पूजा झाली, रचना नाही. त्यापेक्षा चित्रकार हळदणकरांची ती दिवा धरलेली बाई घ्या, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधे आहे, जलरंगातलं. हाताच्या आडोशाने ज्योत झाकलीय आणि बोटांच्या फटीतून लालसर उजेड झिरपतोय. आता फुलांनी उजेड झाकून दाखवा बघू! मी आतापर्यंत तीन वेळा प्रयत्न केलाय. एकदा केळफुलाच्या सोपटाआड पिवळी शेवंती ठेवली तेव्हा जरा जवळ गेले होते, सोप आतून लालभडक असतं ना, पण दोन तासांत ते काळं पडलं.

तीन दिवस झाले की त्या फुलांचं काय होतं?

रविवारी संध्याकाळी ज्याने त्याने आपलं घेऊन जायचं, भांडी, केंझान, जाळी सगळं. काही फुलं टिकलेली असतात, ती मी शेजारच्या वृद्धाश्रमात देते. बाकी कंपोस्टमधे. सासूबाई इथे होत्या तेव्हा त्यांनी विचारलं, हे निर्माल्य धरायचं का गं? मी म्हटलं वाहिलेलं नाही, मग निर्माल्य कसं. त्या काही बोलल्या नाहीत, पण सोमवारी सकाळी बघितलं तर सगळी सुकलेली फुलं कचऱ्याच्या पिशवीतून काढून तुळशीच्या कुंडीत नीट पसरून ठेवली होती.